एमखालची रेघ

दुरुस्त्या शुक्रवारपर्यंत कळवाव्यात, असं मेजर संयुक्ताबाईंनी ग्रुपवर लिहिलं होतं. बुधवार उजाडला तरी सुभेदार शेषगिरी रावांनी काही कळवलं नव्हतं. तसा हा माणूस दिरंगाई करणाऱ्यांतला नव्हे. वय शहात्तर, तरी तमिळ मुलखातल्या तिरुवल्लिकेणीच्या त्या गल्लीत पहाटे सगळ्यांत आधी दार उघडायचं ते त्यांचं. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतः नेऊन देणारे. पण ती चार पानं मोबाइलवर आल्यापासून ते चष्मा लावायचे, वाचायचे, चष्मा काढायचे आणि बायकोला सांगायचे की डोळे चुरचुरतात.

पानं त्यांच्या जुन्या फील्ड अँब्युलन्सबद्दल होती. नाव ऐकून लोकांना वाटतं, ही एखादी गाडी असणार. गाडी नव्हे, ती पलटण असते. लढाईतून जखमी उचलायचे, पट्टी बांधायची, दुखणं थोपवायचं आणि मागच्या हॉस्पिटलात जिवंत पोचवायचे, एवढं तिचं काम. येत्या फेब्रुवारीत ह्या पलटणीला साठ वर्षं पुरी होणार होती, म्हणून संयुक्ताबाई पुस्तक काढत होत्या, आणि त्यातल्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं ‘आपल्या चिन्हाची कथा’.

सापकाठीचा बिल्ला मेडिकल कोअरमध्ये सगळ्यांनाच असतो. त्याशिवाय ह्या पलटणीचं आपलं एक चिन्ह होतं, मळकट चेरी रंगावर सोनेरी. दोन टोकं, मध्ये खाच आणि खाली एक आडवी रेघ. गेटवर तेच, गाड्यांच्या दारांवर तेच, मेसमधल्या मगांवरही तेच. नव्या पोरांना शिकवलं जाई की हे दोन तंबू आहेत आणि खालची ती जमीन. आसपासच्या पलटणी त्यांना ‘दोन तंबूवाले’च म्हणत. शेषगिरी रावांनी स्वतः कित्येक वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण संयुक्ताबाई पडल्या चिकट. त्यांनी जुन्या फायली उकरल्या आणि लिहिलं, की हे तंबू नव्हेत, हा इंग्रजी एम आहे. मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं की जखमीच्या कपाळावर लाल पेन्सिलीनं एम लिहायचा, म्हणजे पुढच्या चौकीवरचा माणूस पुन्हा मॉर्फिया देणार नाही, असा नियम होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात नाईक गिरीधर यांनी एका जखमीला मॉर्फिया दिलं आणि एम लिहायला ते विसरले. पुढच्या चौकीवर दुसरा डोस पडला आणि जवान अनंतकृष्ण श्वास थांबून गेला. गिरीधर यांना दोषी धरून नाईकाचे शिपाई करण्यात आलं. ह्या प्रसंगातून धडा घेऊन नर्सिंग असिस्टंट शेषगिरी एमखाली ठळक रेघ मारू लागले, ती रीत सगळ्या पलटणीनं उचलली, आणि पुढे एका कमांडिंग ऑफिसरांनी तेच पलटणीचं चिन्ह केलं. शेवटी बाईंनी एक वाक्य आपल्या पदरचं घातलं होतं, की एकाच्या निष्काळजीपणातून दुसऱ्याची दक्षता जन्माला आली.

ह्या सगळ्यात एकच गोष्ट खोटी होती. गिरीधर विसरला नव्हता. एम लिहिलेला होता आणि हे जगात एकट्या शेषगिरी रावांना माहीत होतं.

पुढच्या चौकीवर तेच होते. बावीस वर्षांचे. संध्याकाळचे साडेपाच, पूर्वेच्या आघाडीवर डिसेंबरात तेव्हाच अंधारून येतं, आणि एक कंदील सात स्ट्रेचरांना पुरवायचा. सातव्या स्ट्रेचरवरचा पोरगा ‘अम्मा, अम्मा’ करत होता. गळ्यात बांधलेलं कार्ड रक्तात भिजून त्याचा लगदा झाला होता. शेषगिरी त्याच्या डोक्याशी उभे होते, आणि डोक्याकडून पाहिलं की एम उलटा दिसतो. दोन दांड्या वर, मध्ये एक टोक. तंजावरच्या मराठी घरात जन्मून तिरुवल्लिकेणीच्या देवळाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला कपाळावर तसं लाल काही दिसलं तर तो काय वाचणार? नाम. पेरुमाळाचं नाम, वैष्णवांचा तो उभा टिळा. साताऱ्याचा किंवा जालंधरचा कुणी असता तर त्याला तो एम नाहीतर डब्ल्यू दिसला असता आणि तो थबकला असता. शेषगिरींना दिसला आपल्याकडचा पोरगा, लढाईतसुद्धा नाम लावून निघालेला. खरं नाम डोक्याकडून उलटं दिसायला हवं, हे त्या घाईत त्यांच्या ध्यानात आलं नाही. कुठल्या गावचा रे तू, असं त्यांनी त्याला तमिळमध्ये विचारलं, आणि मायेनं मॉर्फिया दिलं.

मग पायाशी जाऊन कंदील उचलला, आणि एम वाचला.

इथवरच्याला चूक म्हणता येईल. त्यानंतर केलं ती चूक नव्हती. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि कपाळ पुसून काढलं. पोराचा श्वास मिनिटाला सहावर आला, मग चारावर, आणि सात वाजायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, पोटात एवढं लोखंड होतं, कदाचित तसाही गेला असता. त्या ‘कदाचित’वर शेषगिरींनी चोपन्न वर्षं काढली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, कपाळावर खूण होती का? ‘नाही साहेब,’ शेषगिरी म्हणाले. गिरीधर समोर उभा होता. साताऱ्याकडचा गडी. तुकडीत मराठी बोलणारे हे दोघेच, लढाईआधी झोपायचे एकाच तंबूत, आणि शेषगिरींची बोली ऐकून तो रोज हसायचा, म्हणायचा की तुझी मराठी व्यंकोजीराजांबरोबर दक्षिणेत उतरली आणि तिथंच राहिली. त्या दिवशी तो हसला नाही. ‘मी लिहिला होता साहेब,’ एवढंच परत परत म्हणत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, ‘शेषा, नीट बघितलं होतंस ना?’ शेषगिरी हो म्हणाले.

रेघ मारायची सवय त्यांना त्यानंतर लागली. खाली रेघ असली की खालची बाजू कुठली हे आंधळ्यालाही कळतं. साहेबांनी पाठ थोपटली. खाई त्याला खवखवे, हे साहेबांना कुठून ठाऊक असणार?

बुधवारी अकराच्या सुमाराला दाराची बेल वाजली. विशालाक्षीबाईंनी, म्हणजे रावांच्या पत्नीनं, दार उघडलं. बाहेर पन्नाशीची एक बाई उभी होती. खांद्याला ऑफिसची पर्स, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, तेही काढायचं राहिलेलं.

‘सुभेदार शेषगिरी राव इथंच राहतात ना? मी आवडीच्या कारखान्यातून आले. कुमुदिनी. गिरीधर भोइट्यांची मुलगी.’

विशालाक्षीबाईंना ह्या नावाचा काही बोध झाला नाही. मराठी ऐकून मात्र त्यांना आनंद झाला. ‘आंत या मा, उन्हांत आलांत,’ म्हणून त्या कॉफी करायला वळल्या. आतल्या खुर्चीत शेषगिरी राव नाव ऐकून उठले होते ते परत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्यांना वाटलं, हिला कळलं. ही भांडायला आली. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं.

पण ती भांडायला आलेली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं मोबाइल काढला. तीच चार पानं.

‘काका, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय, फार वेळ घेत नाही. आमच्या गावचे एक जण तुमच्या ग्रुपवर आहेत, त्यांनी हे पाठवलं. ह्यात बाबांचं नाव आहे. तेवढं काढायला सांगाल का? नावाच्या जागी ‘एक नर्सिंग असिस्टंट’ घातलं तरी चालेल. तुमचं त्या ऐकतील.’

शेषगिरी रावांनी चष्मा काढला. तिला वाटलं, ते नाही म्हणणार.

‘झालं ते झालं, ते नाकारत नाही मी,’ ती घाईनं म्हणाली. ‘एक माणूस गेला त्यांच्या हातून. पण ते भोगून झालंय हो. गावात त्यांना सुईवाला म्हणायचे. तालुक्याच्या दवाखान्यात ड्रेसर होते ते तीस वर्षं. पट्टी बांधायचे, जखमा धुवायचे, पण इंजेक्शनची वेळ आली की बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. मला ताप आला तरी. आता कुठं लोक विसरलेत. पुस्तक निघालं की गावात ग्रामपंचायतीला एक प्रत जाणार, शाळेला एक जाणार.’

सुंठीवाचून खोकला जात होता. नाव गेलं की ही खूश, संयुक्ताबाई खूश, आणि आपणही दोषातून मोकळे. निदान मोकळ्यासारखे. शेषगिरी रावांनी विचार करायला क्षणभरही घेतला नाही, ह्याची त्यांना नंतर फार लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथं मेजरना फोन लावला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

‘काहीच हरकत नाही साहेब,’ संयुक्ताबाई म्हणाल्या. त्या नागपूरकडच्या, बोलणं स्वच्छ. ‘खरं तर मलाही ते नाव खटकत होतं. काढते. आणि साहेब, एक आनंदाची बातमी. गेटवरच्या चिन्हाखाली तुमच्या नावाची पाटी लावतोय आम्ही. फेब्रुवारीत तुमच्याच हातून उघडायची आहे. तिकिटं पाठवते, मॅडमनाही आणा.’

फोन बंद झाला. कुमुदिनीनं दोन्ही हात जोडले आणि ते तसेच कपाळाला लावले. तिचे डोळे भरून आले होते. ओझं उतरलं की माणसं बोलायला लागतात, तशी ती बोलू लागली.

‘बाबा खूप वर्षं म्हणायचे, मी लिहिला होता. जेवताना म्हणायचे, मध्येच पेपर वाचताना म्हणायचे. आई म्हणायची, असेल हो, सोडा आता. तिचा विश्वास नव्हता, मला लहानपणीही कळायचं ते. बाबांना कळत नसेल का? मग शेवटच्या आजारपणात, दहा वर्षं झाली ह्याला, एक दिवस मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, कुमे, मी विसरलोच असणार. मी म्हटलं, बाबा, आता हे काय? तर म्हणाले, शेषा म्हणाला खूण नव्हती. आणि शेषा खोटं बोलायचा नाही.’

खाली गल्लीत भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. चोपन्न वर्षं शेषगिरी रावांची अशी समजूत होती की गिरीधरला खरं ठाऊक आहे. तो चिडला असेल, शिव्या देत असेल, पण निदान स्वतःपुरता तरी ताठ असेल. तेवढी एक गोष्ट आपण त्याच्याकडून घेतली नाही, अशी स्वतःची समजूत घालून ते जेवले होते, झोपले होते, मुलींची लग्नं केली होती. तीही घेतली होती तर. त्याच्याजवळ काहीच ठेवलं नव्हतं.

‘एम होता,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘एम होता मा. तुझा अप्पा लिहिला होता. मी पुसलों.’

कॉफीचे दोन पेले घेऊन विशालाक्षीबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या घरच्या बोलीत पुसणं म्हणजे विचारणं. ‘काय पुसलां तुम्ही?’ त्यांनी विचारलं. ‘कोणाला?’

‘कोणाला नाही, विशालू. विचारलों नाही. कापूस घेऊन पुसलों. त्याच्या कपाळावरचं.’

कुमुदिनीच्या मराठीत माणूस ‘मी पुसलं’ म्हणतो, आणि क्रियापद त्या पुसलेल्या वस्तूकडे निघून जातं. तंजावरच्या मराठीत ते करणाऱ्याला चिकटून राहतं. शेषगिरी रावांनी पुढचं सगळं त्याच बोलीत सांगितलं. नाम समजलों, सुई दिलों, कंदील आणलों, पुसलों, साहेबापुढं खोटं बोललों. पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढंसं होतं ते.

कुमुदिनी रडली नाही. तिनं टेबलावरचं विजेचं बिल उलटं केलं आणि पर्समधलं पेन त्यांच्यापुढं धरलं. ‘दाखवा,’ ती म्हणाली.

त्यांनी एम लिहिला. हात स्थिर होता, सवयीनं खाली रेघ मारायलाही निघाला होता, तो त्यांनी आवरला. तिनं कागद फिरवून स्वतःसमोर घेतला आणि बराच वेळ बघितला. लांब धरून बघितला, डोळे बारीक करून बघितला.

‘मला नाही दिसत नाम,’ ती म्हणाली. ‘मला डब्ल्यू दिसतो.’

‘तुला दिसणार नाही मा. इकडे जन्मायला पाहिजे.’

‘वीस वर्षं झाली मला इकडे. रोज माझ्या टेबलासमोर नामवाले तिघं बसतात. मला नाही दिसत.’

आपण खरंच नाम बघितलं होतं का, असा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा पडला. गिरीधरला स्वतःच्या लिहिण्याबद्दल पडला तसाच. विशालाक्षीबाई पुढे आल्या, एक पेला कुमुदिनीपुढं ठेवला, आणि दुसरा ठेवलाच नाही. तो हातात घेऊन त्या तशाच आत गेल्या. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली होती, आणि नवऱ्याची कॉफी त्यांनी परत नेली असं आजवर झालं नव्हतं.

‘फोन लावा परत,’ कुमुदिनी म्हणाली. ‘नाव राहू द्यायला सांगा. आणि पुढचं तुम्ही सांगा, माझ्यासमोर.’

संयुक्ताबाईंनी आधी हसून घेतलं, मग ऐकून घेतलं. ‘साहेब,’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘तब्येत बरी आहे ना तुमची? घरात कोणी आहे का जवळ?’

‘सगळे आहेत. लिहून घ्या. पाटी लावूं नका.’

‘तुम्ही लेखी द्याल हे?’

‘देतों. सही करून.’

नंतर त्या बोलल्या ते ऑफिसरच्या आवाजात. ‘ठीक. मी तुमचं निवेदन म्हणून प्रकरणात घालते. वरून काय उत्तर येईल ते आज सांगता येत नाही. त्यांचं पूर्ण नाव सांगा.’

शेषगिरी रावांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की गिरीधरच्या वडिलांचं नाव त्यांना माहीत नाही. ज्याच्याशेजारी दोन हिवाळे झोपले त्याचं. त्यांनी कुमुदिनीकडे पाहिलं. ती फोनकडे वाकली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘गिरीधर यशवंत भोइटे.’

‘हुद्दा?’

‘नाईक,’ शेषगिरी राव म्हणाले. ‘नाईक लिहा.’

‘तसं नाही लिहिता येणार साहेब. रेकॉर्डला शेवटचा हुद्दा शिपाई आहे. निकाल कायम आहे अजून. ज्यांनी दिला ते नाहीत, ज्यांच्यावर दिला तेही नाहीत. तो फिरवायला अर्ज कोणी करायचा, कुणाकडे, आणि किती वर्षं, हे मलाच माहीत नाही. पुस्तकात हुद्दा शिपाईच राहील.’

‘राहू द्या मॅडम,’ कुमुदिनी म्हणाली. ‘माझा जन्मच शिपायाच्या घरातला आहे. एम लिहिला होता, तेवढं नीट येऊ द्या.’

ती उठली. विजेचं बिल तिनं टेबलावर होतं तसं सरळ करून ठेवलं. कॉफी दोन घोटांत पिऊन टाकली, कारण ती करणाऱ्या बाईचा काही दोष नव्हता, आणि पेला स्वतः स्वयंपाकघराच्या दारात नेऊन दिला. शेषगिरी राव उभे राहिले. आपल्याला ती काहीतरी बोलेल, म्हणून ते वाट बघत राहिले. शिवी चालली असती. ती त्यांच्या अंगावरून दाराकडे गेली आणि वाकून चपलांचे पट्टे लावू लागली.

‘जाते,’ ती म्हणाली.

विशालाक्षीबाई बाहेर आल्या होत्या. त्यांचेही डोळे लाल होते, पण घरातून निघणाऱ्या माणसाला असं जाऊ द्यायचं नसतं, हे हाडीमाशी मुरलेलं. ‘जातें म्हणूं नये मा,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘येतें म्हण.’

कुमुदिनीनं त्यांचा हात क्षणभर धरला.

‘जाते, काकू,’ ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.